कमी डोस दिलेला इनहिबिटर पाइप वाचवतो की भोक पाडतो?

जलरेषा

पाइप गंजतोय म्हणून पाण्यात इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं केमिकल, टाकला, पाण्याचा तांबूस रंग गेला, सगळे खूश, आणि मग एक दिवस त्याच पाइपला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडून पाणी गळायला लागलं. ही तक्रार इतक्यांदा कानावर आलीय की शेवटी म्हटलं यावर नीट धागाच काढू. दोष दरवेळी जातो केमिकलवर नाहीतर पाइपच्या मालावर. पण बरेचदा केमिकलही बरोबर असतं आणि पाइपही, गडबड असते डोसची, आणि तीसुद्धा डोस जास्त झाला म्हणून नाही तर कमी पडला म्हणून.

आधी गंजण्याचं थोडक्यात. नदी, तळं, विहीर, बोअर, कुठलंही नेहमीचं पाणी घ्या, त्यात लोखंड काही ॲसिडमधल्यासारखं फसफसत विरघळत नाही. पृष्ठभागावर काही जागी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात, ती जागा ॲनोड. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच शेजारच्या जागेकडे जातात आणि तिथे पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन ते उचलतो, ती जागा कॅथोड. जितके इलेक्ट्रॉन इकडे सुटले तितकेच तिकडे उचलले गेले पाहिजेत, म्हणजे एक बाजू अडवली की दुसरी आपोआप अडते. इनहिबिटरचं सगळं काम यावरच चालतं.

हवेच्या संपर्कातल्या गोड्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. दिसायला चिमूटभर पण गंजायला पुरून उरतो, आणि तो धातूपर्यंत किती वेगाने पोचतो त्यावरच गंजण्याचा वेग ठरतो. म्हणून तर पीएच 4 ते 10 या पट्ट्यात पीएच बदलून फारसं काही होत नाही, आणि साध्या स्टीलचा ग्रेड बदलूनही होत नाही. अमुक मिलचा पाइप गंजत नाही असं कोणी सांगितलं तर आधी त्याच्याकडचं पाणी कसलं आहे ते विचारा.

आता मुद्दा. नायट्राइट, क्रोमेट, मॉलिब्डेट, ऑर्थोफॉस्फेट, सिलिकेट ही मंडळी मुख्यतः ॲनोड अडवणारी, म्हणजे लोखंड जिथे सुटतं तिथे पातळ घट्ट पापुद्रा धरणारी. झिंक, पॉलिफॉस्फेट आणि पाण्यातला आपला नेहमीचा कॅल्शियम बायकार्बोनेट ही कॅथोड झाकणारी. कॅथोडवाली कमी पडली तर संरक्षण कमी मिळतं, बस्स. ॲनोडवाली कमी पडली तर मात्र उलटी गत होते. बहुतेक पृष्ठभाग झाकला जातो, थोडे ठिपके उघडे राहतात, झाकलेला सगळा भाग कॅथोड बनून ऑक्सिजन घेत राहतो आणि त्याचा सगळा भार त्या चार उघड्या ठिपक्यांवर येतो. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स, गंजाच्या विद्युत-रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतले एक, त्यांनी अशा इनहिबिटरना सरळ 'धोकादायक' म्हटलं होतं.

कुतूहल

छान लिहिलंय. पण एक पटत नाही, एकूण गंज कमी झालाच ना? कूपनचं, म्हणजे गंज मोजायला पाण्यात टांगतात त्या धातूच्या पट्टीचं, वजन आधीपेक्षा कमी घटत असेल तर पाइपही जास्त टिकायला हवा. वजनाचा आकडा खोटा बोलतो असं म्हणायचंय का तुम्हाला?

जलरेषा

आकडा खरंच बोलतो हो, आपण त्याला भलताच प्रश्न विचारतो. हिशोब करून बघू. 20 चौरस सेंटिमीटरचं स्टीलचं कूपन घ्या, 90 दिवस म्हणजे 2160 तास पाण्यात ठेवलं, वजन घटलं 50 मिलिग्रॅम. सूत्र असं की वजनातली घट मिलिग्रॅममध्ये घ्यायची, तिला 87.6 ने गुणायचं आणि घनता, क्षेत्रफळ, तास या तिघांच्या गुणाकाराने भागायचं. स्टीलची घनता 7.86. उत्तर येतं वर्षाला 0.013 मिलिमीटर. 4 मिलिमीटर जाडीचा पाइप या हिशोबाने 300 वर्षं चालेल, रिपोर्टवर हिरवी खूण.

आता तेच कूपन भिंगाखाली धरा. त्यावर एक मिलिमीटर रुंद आणि 0.3 मिलिमीटर खोल असा एक खड्डा आहे. एवढा खड्डा पडताना जे लोखंड गेलं त्याचं वजन जेमतेम एक मिलिग्रॅम, 50 मिलिग्रॅममध्ये ते कुठे दिसणार. पण 90 दिवसांत 0.3 म्हणजे वर्षाला 1.2 मिलिमीटर, या चालीने तोच पाइप साडेतीन वर्षांच्या आत आरपार. खड्डे शेवटपर्यंत त्याच वेगाने खोल जात नाहीत, बरेचदा मंदावतात हे मान्य, तरी 300 आणि साडेतीन यातली दरी त्याने भरून निघत नाही. पाइपला भोक पडतं ते सरासरीने पडत नाही, सगळ्यात खोल खड्ड्याने पडतं.

म्हणून माझा आग्रह असतो की कूपनच्या रिपोर्टमध्ये वजनातली घट आणि सगळ्यात खोल खड्ड्याची खोली असे दोन आकडे हवेतच. दुसरा आकडा नसेल तर ॲनोडिक ट्रीटमेंट चालू असलेल्या सिस्टिमचा तो रिपोर्ट अर्धवट आहे असं बेलाशक समजा.

शून्यप्रहर

अगदी वेळेवर धागा आला. आमच्याकडे एसीच्या चिल्ड वॉटरचं बंद सर्किट आहे, तेच पाणी आत फिरत राहतं, नायट्राइटवर चालवतो. 800 पीपीएमला (म्हणजे लिटरमागे 800 मिलिग्रॅम) ठेवलं की बघता बघता 300 ला येतं, परत टाकायचं, परत उतरतं. सप्लायर म्हणतो लीकेज आहे, मेंटेनन्सवाले म्हणतात एक थेंब कुठे गळत नाही. दोघंही ठाम. कोणाचं खरं धरायचं?

जलरेषा

पाण्यालाच विचारा, ते पक्षपात करत नाही. नायट्राइटसोबत कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते, म्हणजे एकूण क्षार किती) आणि नायट्रेट मोजा. पाणी गळत असेल आणि त्या जागी ताजं मेकअप पाणी येत असेल तर नायट्राइट आणि कंडक्टिव्हिटी दोन्ही जोडीने उतरतात. कंडक्टिव्हिटी जवळपास आहे तिथेच आणि एकटं नायट्राइट खाली येतंय, वर नायट्रेट वाढलंय, तर ते जिवाणू खातायत. नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात. काही जिवाणू उलट्या दिशेने जाऊन नायट्रोजन वायू किंवा अमोनिया करतात, म्हणून अमोनियाचीही टेस्ट एकदा करून घ्या, सिस्टिममध्ये तांब्याचे भाग असतील तर अमोनिया त्यांना बाधतो.

जिवाणू निघाले तर नुसतं नायट्राइट वाढवत राहू नका, ते त्यांना जेवण वाढत राहण्यासारखं आहे. आधी बायोसाइड म्हणजे जिवाणू मारणारं केमिकल, तेही क्लोरिनसारखं ऑक्सिडाइझ करणारं नको कारण ते नायट्राइटलाच नायट्रेट करून संपवतं. नॉन-ऑक्सिडायझिंग बायोसाइड देऊन सर्किट स्वच्छ करा, गरज पडली तर पाणी काढून नवं भरा आणि मग डोस उभा करा.

बंद सर्किटमध्ये नायट्राइट सर्वसाधारणपणे 500 ते 1000 पीपीएम ठेवतात, पण हा आकडा डोळे मिटून घ्यायचा नाही. क्लोराइड आणि सल्फेट जितकं जास्त तितकं नायट्राइट जास्त लागतं, कारण हे दोघं पापुद्रा फोडायला टपलेलेच असतात. तुमचं 300 हे नेमकं त्या धोक्याच्या पट्ट्यात बसण्याची शक्यता आहे. आणि पीएच 8 च्या वर राहू द्या.

ओलीमाती

ओपन कूलिंग टॉवरवर, म्हणजे जिथे पाणी हवेत उघडं पाडून गार करतात तिथे, काम करते म्हणून थोडी भर घालते. टॉवरमध्ये नायट्राइट वापरायचा प्रश्नच येत नाही, हवा लागते, जिवाणू वाढतात, ब्लोडाउनमध्ये, म्हणजे साठलेले क्षार घालवायला जे पाणी सोडून देतात त्यात, वाहून जातं. पूर्वी सगळीकडे क्रोमेट होतं आणि संरक्षण म्हणून ते खरंच जबरदस्त होतं, झिंकसोबत 20-30 पीपीएमवर टॉवर चालायचे. पण क्रोमेटमधला सहा संयुजेचा क्रोमियम कॅन्सर करतो आणि टॉवरच्या तुषारांबरोबर तो हवेत उडतो. अमेरिकेत एअर कंडिशनिंगच्या टॉवरमध्ये 1990 मध्ये बंदी आली, कारखान्यांच्या प्रोसेस टॉवरमध्ये 1994 मध्ये. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं.

त्यानंतर जे काही आलं ते सगळं तडजोडीचं आहे, आणि तडजोड चालवायला पाण्यावर लक्ष ठेवावं लागतं. पॉलिफॉस्फेट घ्या. त्याला काम करायला पाण्यात कॅल्शियम लागतं आणि पाणी हलतं लागतं. अगदी मृदू पाण्यात किंवा साचलेल्या पाण्यात ते नुसतं पडून राहतं. शिवाय गरम पाण्यात जास्त वेळ राहिलं की तुटून ऑर्थोफॉस्फेट होतं आणि मग कॅल्शियम फॉस्फेटचा चिकट थर उष्णता काढून घेणाऱ्या एक्स्चेंजरच्या नळ्यांवर बसतो. म्हणजे गंज थांबवायला टाकलं आणि नळ्या चोंदल्या. म्हणून सोबत साका बसू न देणारा डिस्पर्संट पॉलिमर लागतोच.

झिंकचं तसंच. कॅथोडजवळ पीएच वाढतो तिथे झिंक हायड्रॉक्साइड बसतं, फिल्म झपाट्याने धरते, पण मुळात पाण्याचाच पीएच 8 च्या वर गेला तर झिंक पाण्यातच साका होऊन तळाशी जातं. आणि ब्लोडाउन नदीनाल्यात गेला तर झिंक माशांना विषारी, फॉस्फेटने शेवाळं माजतं. ड्रेनच्या पुढे काय होतं हे पण ट्रीटमेंटमध्येच धरायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

जलरेषा

@ओलीमाती +१, विशेषतः शेवटच्या वाक्याला. एक जोड, टॉवर स्वच्छ करून नव्याने सुरू करताना सुरुवातीला नेहमीच्या दोन-तीन पट डोस देऊन फिल्म धरू द्यायची आणि मग खाली आणायचं, हे बरेच जण गाळतात. उघड्या ताज्या स्टीलवर नेहमीचा डोस म्हणजे परत तीच अर्धवट झाकण्याची गोष्ट.

काठावरचा

पिण्याच्या पाण्याचं काय? तिथे क्रोमेट, नायट्राइट तर शक्यच नाही. मग शहरांचे लोखंडी पाइप टिकतात कशावर?

जलरेषा

बऱ्याच अंशी पाण्याच्या स्वतःच्या गुणावर. थोडी क्षारता आणि कॅल्शियम असलेलं पाणी पाइपच्या आत कॅल्शियम कार्बोनेट आणि गंज यांचा मिळून एक थर बसवतं आणि तोच पुढे झाकण होतो. लँगेलियर यांनी 1936 मध्ये यासाठी निर्देशांक मांडला, पाणी कॅल्शियम कार्बोनेट बसवेल की विरघळवेल ते त्यावरून कळतं. अधिक आला की थर बसायचा कल, उणे आला की पाणी भुकेलं. मात्र तो गंजाचा वेग सांगत नाही, फक्त कल सांगतो. क्लोराइड आणि सल्फेट जास्त असेल तर निर्देशांक चांगला असूनही पाइप खाल्ला जातो, म्हणून मी क्लोराइड अधिक सल्फेट भागिले बायकार्बोनेट हे गुणोत्तरही काढायला सांगते, तिन्ही इक्विव्हॅलंटमध्ये (मिलिग्रॅम नव्हे, रासायनिक तुल्यभारात) घेऊन. 0.8 च्या खाली असेल तर फार चिंता नाही, 1.2 च्या वर गेलं की पाणी खवळलेलं समजायचं.

पाणी मुळात मृदू आणि भुकेलं असेल तर चुना किंवा सोडा ॲश देऊन पीएच आणि क्षारता वाढवतात, आणि इनहिबिटर म्हणून ऑर्थोफॉस्फेट, पॉलिफॉस्फेट किंवा सोडियम सिलिकेट अगदी थोड्या प्रमाणात देतात.

हे न केल्याने काय होतं याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं फ्लिंट शहर. एप्रिल 2014 मध्ये त्यांनी डेट्रॉइटकडून येणारं ह्युरॉन सरोवराचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं. डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट असायचं, नव्या पाण्यात ते दिलंच नाही, आणि नदीच्या पाण्यात क्लोराइडही जास्त होतं. वर्षानुवर्षं पाइपांत धरलेला थर सुटायला लागला. बिडाच्या जुन्या पाइपांतून लालसर पाणी यायला लागलं, घरांपर्यंतच्या शिशाच्या जोडण्यांतून शिसं पाण्यात उतरलं, मुलांच्या रक्तात शिसं वाढलं. गंजणारं लोखंड क्लोरिन खाऊन टाकतं, म्हणजे जंतू मारायला ठेवलेला क्लोरिनही शेवटपर्यंत पोचेना. ऑक्टोबर 2014 मध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून ते पाणी घेणं बंद केलं. शहराला जुनं पाणी परत मिळायला ऑक्टोबर 2015 उजाडला. इंजिनाला जे पाणी चालेना ते त्यानंतरही वर्षभर लोक पीत होते. हे वाचून मला अजूनही संताप येतो, कारण यात न उलगडलेलं असं शास्त्र काहीच नव्हतं.

दर्यावर्दी

समुद्राच्या पाण्यात कुठला इनहिबिटर चालतो? क्लोराइड लिटरला 19 ग्रॅमच्या आसपास, तिथे तुमचा पापुद्रा टिकेल असं वाटत नाही.

जलरेषा

बरोबर ओळखलंत. तिथे ॲनोडिक इनहिबिटर इतका लागेल की ना परवडेल ना समुद्रात सोडता येईल, आणि एकदा वापरून सोडून द्यायच्या पाण्यात तर विचारच नको. तिथे पेंट आणि कॅथोडिक प्रोटेक्शन (जास्त गंजणारा धातू जोडून किंवा बाहेरून करंट देऊन वाचवायच्या धातूला कॅथोड करणं) हीच जोडी. इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे नि जस्ताचे तुकडे जोडून ही कल्पना दाखवली होती. तांबं खरंच वाचलं, पण विरघळेनासं झाल्यावर त्यावर शंख-शेवाळ बसायला लागलं.

समुद्राच्या पाण्यात एक चांगलं असं की कॅथोडिक प्रोटेक्शन चालू असताना पृष्ठभागाजवळ पीएच वाढून कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड यांचा पांढरट थर स्टीलवर बसतो, तो ऑक्सिजन अडवतो आणि मग करंटही कमी लागतो. हासुद्धा एका अर्थी पाण्यातूनच मिळालेला कॅथोडिक इनहिबिटर.

पानगळ

हल्ली झाडपाल्याच्या अर्कांवर भरपूर पेपर दिसतात, 90-95 टक्के एफिशियन्सी वगैरे. ते वापरले तर विषारीपणाचा प्रश्नच मिटेल ना?

जलरेषा

मलाही ते मनापासून हवंय. पण पेपर उघडून आधी बघा की टेस्ट कशात केलीय. बहुतेकदा हायड्रोक्लोरिक नाहीतर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये असते. ॲसिडमध्ये धातू उघडा असतो आणि अर्कातले सेंद्रिय रेणू त्यावर जाऊन चिकटतात. आपल्या साधारण पीएचच्या पाण्यात स्टीलवर ऑक्साइडचा थर असतो आणि कॅथोडवर ऑक्सिजन असतो, तिथे गणितच वेगळं. ॲसिडमधला आकडा उचलून कूलिंग वॉटरला लावता येत नाही. दुसरं म्हणजे एफिशियन्सी ही न टाकता किती गंजलं आणि टाकून किती गंजलं यातल्या फरकाची टक्केवारी आहे, खड्ड्यांबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. आणि तिसरं, अर्क म्हणजे जिवाणूंना खाद्य, बंद सर्किटमध्ये कुजला तर काय ते बघायला हवं. टॅनिन मात्र बॉयलरच्या पाण्यात फार पूर्वीपासून वापरतात, म्हणजे दार बंद नाहीये, फक्त पुरावा त्याच पाण्यातला हवा.

शून्यप्रहर

अपडेट देतो. टेस्ट केल्या, कंडक्टिव्हिटी आहे तिथेच आणि नायट्रेट भरपूर. म्हणजे जिवाणूच. पाइपचा एक तुकडा कापून काढला, आत नारिंगी गाठी आहेत, सुपारीएवढ्या. एक गाठ स्क्रू ड्रायव्हरने उडवली तर खाली काळा ओला लगदा आणि त्याखाली चकचकीत धातूचा खड्डा. आता डोस वाढवला तर हे खड्डे थांबतील का?

जलरेषा

गाठी तशाच ठेवून नाही थांबणार. तुम्ही बघितलंत तीच सगळी रचना आहे. वरचं नारिंगी कवच म्हणजे ऑक्सिजन लागलेला गंज, आतला काळा लगदा म्हणजे ऑक्सिजन न मिळालेला, आणि तळाचा चकचकीत धातू म्हणजे चालू असलेला ॲनोड. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा आम्ल होतं आणि क्लोराइड आत ओढलं जातं. लगद्याला सडक्या अंड्यासारखा वास असेल किंवा त्यावर ॲसिडचा थेंब टाकल्यावर तसा वास सुटला तर सल्फेट खाणारे जिवाणूही आहेत. कवचाच्या आत नायट्राइट पोचतच नाही, तुम्ही बाहेर 1000 करा नाहीतर 1500.

क्रम असा ठेवा. आधी बायोसाइड. मग केमिकल क्लीनिंग, गाठी सुटतील असं, आणि त्यात ॲसिड वापरणार असाल तर त्या ॲसिडसाठीचा वेगळा इनहिबिटर त्यात हवाच. क्लीनिंगआधी पाइपची जाडी अल्ट्रासॉनिकने जमेल तितक्या जागी मोजून घ्या, कारण काही ठिकाणी ती गाठच भोक बुजवून बसलेली असते आणि साफ केल्यावर पाणी बाहेर येतं. भरपूर फ्लशिंग करून पाण्यातलं लोह खाली आलं की लगेच, स्टील उघडं पडू न देता, पॅसिव्हेशनचा (पापुद्रा धरवण्याचा) मोठा डोस आणि मग नेहमीची पातळी.

कूपन रॅक रिटर्न लाइनवर बसवा आणि शक्य असेल तर दुसरा जिथे पाणी सगळ्यात हळू वाहतं त्या टोकाला. गाठी बहुतेक तिथेच आधी धरतात, आणि पंपाजवळच्या कूपनला त्याचा पत्ताही लागत नाही.

शून्यप्रहर

जाडी मोजायला सोमवारी माणूस येतोय. आकडे इथेच टाकतो, खोल खड्ड्याचे वेगळे.